उंबऱ्यापासून कुडा लेण्यांपर्यंत

दर २० मार्चला वस्तीतून महाडला गाडी निघते. निळे झेंडे लागतात, डबे भरले जातात, पोरे खिडकीच्या जागेसाठी भांडतात. त्या वेळी घरात मागे कोण राहते, याची मोजदाद एकदा करून पाहा. अर्धांगवायू झालेले काका राहतात. गुडघे धरलेल्या आजी राहतात. चाकाच्या खुर्चीतली मुलगी राहते, गर्दीत कान झाकून घेणारा मुलगा राहतो आणि त्यांना सांभाळायला बहुधा घरातली एखादी बाई राहते. ‘त्यांना कशाला दगदग’ असे आपण म्हणतो, आणि प्रेमानेच म्हणतो. पण वर्षानुवर्षे हेच चालले की त्या माणसाचे जग खाटेपासून मोरीपर्यंत उरते. १९२७ साली त्याच दिवशी बाबासाहेबांच्या मागून हजारो माणसे परिषदेच्या मांडवापासून चवदार तळ्यापर्यंत पायी गेली होती. त्या तळ्याच्या काठी आज आपल्याच घरातला एक माणूस पोहोचत नाही, आणि आपल्याला त्याची सवय झाली आहे.

आरोग्याच्या दृष्टीने ही सवय महाग पडते. न वापरलेला स्नायू आठवड्यागणिक बारीक होतो. हाडे ठिसूळ होतात, शौचाला कडक होते, एका जागी बसून कातडी सोलवटते, रात्रीची झोप जाते, आणि माणूस चिडचिडा किंवा गप्प होतो. मग आपण म्हणतो, आजार वाढला. खरे तर त्यातले बरेचसे आजाराचे नसते, घरात बसवून ठेवल्याचे असते.

यावर काम करणारी वैद्यकाची एक शाखा आहे. तिचे मराठी नाव व्यवसायोपचार. रुग्णालयात तिला नुसते ‘ओटी’ म्हणतात, त्यामुळे नातेवाईक घाबरतात, कारण ऑपरेशन थिएटरलाही ओटीच म्हणतात. इथे कापाकापी काही नसते. ‘व्यवसाय’ म्हणजे धंदाही नव्हे. सकाळी उठल्यापासून माणूस जे जे करतो ते सगळे, म्हणजे दात घासणे, चप्पल घालणे, भाकरी थापणे, शाळेत जाणे, बाजारहाट, खेळ आणि फिरणेसुद्धा. फिजिओथेरपीवाले हात किती वर जातो हे पाहतात. व्यवसायोपचार करणारा विचारतो, की या हाताने तुम्हाला काय करायचे आहे? दोन्ही लागतात, पण दुसरा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारत नाही.

या शाखेच्या संस्थापकांपैकी एक, अमेरिकेतले जॉर्ज बार्टन, स्वतः क्षयाने आणि डाव्या बाजूच्या लकव्याने पिडलेले होते. बागकाम आणि सुतारकाम करता करता आपले शरीर कामाला लागते, हे त्यांनी स्वतःवरच अनुभवले, आणि १९१७ साली या उपचाराची पहिली संघटना उभी राहिली ती त्यांच्याच घरी. आपल्याकडे ही शाखा आणली कमला निंबकर यांनी. जन्माने त्या अमेरिकन, लग्नाआधीच्या एलिझाबेथ लंडी. मराठी घरात लग्न करून त्या इथल्याच झाल्या आणि १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी या विषयाचे शिक्षण सुरू केले. म्हणजे गेली ७० वर्षांहून अधिक काळ हे ज्ञान मांडव्याच्या धक्क्यावरून लाँचने तासाभरावर आहे, आणि आपल्या वस्त्यांत त्याचे नावही फारसे कोणाला ठाऊक नाही.

आता डोंगर आणि समुद्राचा याच्याशी काय संबंध? दवाखान्यातली फरशी सपाट असते. वस्तीतली गल्ली तशी नसते, लेण्याची पायवाट तर नाहीच. वाळूत पाय रुततो, दगडावर डगमगतो, चढावर दम लागतो, आणि दर पावलाला मेंदू, डोळे आणि घोट्याचे स्नायू यांना नवा हिशोब मांडावा लागतो. हाच व्यायाम खोलीत करायचा तर दहा उपकरणे लागतील आणि चौथ्या दिवशी कंटाळा येईल. बाहेर तो फुकट होतो आणि माणसाला पुढच्या वेळी पुन्हा यावेसे वाटते. भगवान बुद्धांनी चंक्रमणाचे म्हणजे चालण्याचे पाच फायदे सांगितल्याचे अंगुत्तर निकायात आहे. प्रवास सोसतो, मेहनत सोसते, आजार कमी होतात, खाल्लेले पचते आणि मनाची एकाग्रता टिकते. आजचा डॉक्टर याहून फार वेगळे सांगणार नाही.

पण ‘चला, उठा, फिरून येऊ’ म्हणून आजारी माणसाला डोंगरावर नेणे म्हणजे उपचार नव्हे. त्याने पाय मोडतो. व्यवसायोपचाराची खरी युक्ती कामाची फोड करण्यात आहे. उदाहरण म्हणून धरून चालू, की वस्तीतल्या एका गवंडीकाम करणाऱ्या काकांना वर्षापूर्वी डाव्या बाजूचा लकवा झाला. काठी घेऊन ते मोरीपर्यंत जातात. घराबाहेर आठ महिन्यांत पडलेले नाहीत. त्यांना समुद्र बघायचा आहे. आपण म्हणतो, अलिबाग कुठे लांब आहे! पण त्यांच्यासाठी हे एक काम नाही, आठ-दहा कामे आहेत. एका हाताने चप्पल घालणे (अंगठ्याची नको, मागे पट्टा आणि चिकटपट्टी असलेली सँडल हवी). उंबरा ओलांडणे. उघड्या गटारावरची फळी. मिनीडोरमध्ये चढणे आणि आत सरकणे. वाळू. वाळूत बसणे, आणि त्याहून अवघड म्हणजे उठणे. एका हाताने डबा खाणे. आणि शेवटी, ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते, लघवीला कुठे जायचे.

यातले कुठले काम अडते ते आधी घरी पाहायचे आणि तेवढेच शिकवायचे. काठी चांगल्या हातात धरायची, दुखऱ्या नव्हे. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. सोबत्याने अधू बाजूला, अर्धे पाऊल मागे चालायचे आणि दंडाला धरून ओढायचे नाही. लकव्यात कित्येकांना एका बाजूचे भानच राहत नाही, त्या बाजूने येणारी सायकल त्यांना ‘दिसत’ नाही, म्हणून सोबती तिकडेच हवा. जेवताना ताटलीखाली ओले फडके टाकले की ती सरकत नाही. वाळूत खाली बसवूच नका, प्लॅस्टिकचे स्टूल न्या आणि त्याच्या पायांखाली फळी टाका, म्हणजे ते रुतणार नाही.

पहिल्या आठवड्यात फक्त विहाराच्या पायरीपर्यंत जाऊन परत यायचे. वाटेत मध्यावर कोणाच्या तरी दारात खुर्ची मांडून ठेवायची, आणि दमायच्या आधी बसायचे. दमल्यावर बसणारा माणूस दुसऱ्या दिवशी उठत नाही. पुढच्या आठवड्यात कच्चा रस्ता. मग बांधकामाजवळचा वाळूचा ढीग. चालताना दोन वाक्ये बोलता आली पाहिजेत. बोलणे तुटू लागले की थांबायचे. अंतर आठवड्याला थोडेच वाढवायचे, आणि एखाद्या दिवशी मागे आले तरी कुरकुर करायची नाही.

आणि किनाऱ्यावर पोहोचल्यावर? नुसते बसवून ठेवायचे नाही. हा माणूस गवंडी आहे. त्याच्या हातात थापी द्या. नातवाने ओली वाळू घमेल्यात भरायची, काकांनी अधू हाताने घमेले दाबून धरायचे, चांगल्या हाताने थापी चालवायची. पंधरा मिनिटांत तो अधू हात जेवढे काम करील तेवढे भिंतीशी उभे राहून शंभर वेळा ‘हात वर, हात खाली’ केल्याने होणार नाही. कारण हे काम त्याच्या ओळखीचे आहे. मच्छी विकणाऱ्या बाईसाठी ते काम वेगळे असेल, शिवणकाम करणाऱ्या बाईसाठी आणखी वेगळे.

किनाऱ्याबद्दल थोडे सविस्तर सांगावे लागेल, कारण इथे वेळ चुकली तर सगळेच चुकते. कोरड्या वाळूत वॉकर आणि चाकाची खुर्ची दोन्ही रुततात. पाणी ओसरल्यावर उरलेला ओला, घट्ट पट्टा मात्र रस्त्यासारखा असतो. तो केव्हा मिळतो हे कोळीवाड्यातला कोणीही जुना माणूस सांगेल. तिथीची पाऊणपट करायची, तो पूर्ण भरतीचा तास, आणि त्याच्या सुमारे सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेला दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडच्या सुमारास भरती आणि सकाळी साडेसातच्या आसपास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असल्याने पाणी मागेही खूप जाते आणि पट्टा रुंद मिळतो. आपल्याकडे पौर्णिमेला विहारात सगळे जमतातच. त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी फिरणे ठेवले तर वेळ, वाळू आणि ऊन तिन्ही जमून येतात. ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी उतरायचे आणि पाणी फिरले की अर्ध्या तासात वर यायचे. हिशोब अंदाजाचा आहे, म्हणून निघण्यापूर्वी स्थानिक कोळी बांधवांना विचारून घ्यावे. नागाव, मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगर असा लांब, सपाट किनारा निवडावा. काशिद आणि हरिहरेश्वरच्या पाण्याने अनेक बळी घेतले आहेत. तिथे पाण्याजवळ जाऊ नये. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीत चालत जाता येते, आणि ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी घोडागाडी असते. मात्र खालची जमीन काही ठिकाणी खडकाळ आणि शेवाळलेली आहे. काठीवाल्याने तिथे चालण्याचा हट्ट धरू नये.

मधुमेह असलेल्यांनी आणि कुष्ठरोगाने पायाची संवेदना गेलेल्यांनी वाळूत अनवाणी चालायचे नाही, कितीही मोह झाला तरी. शिंपला कापला तरी त्यांना कळत नाही. मऊ रबराचा तळ असलेली, मागे पट्टा असलेली पादत्राणे घालायची. विदर्भातून कामासाठी इकडे आलेल्या आपल्या कित्येक कुटुंबांत सिकलसेल आहे. त्यांच्यासाठी तहान, अतिश्रम आणि अंगावर एकदम गार पाणी हे तिन्ही धोक्याचे, कारण त्यातून वेदनेचा झटका येऊ शकतो. त्यांनी चालायचे, पण सावकाश, पाणी पीत, आणि समुद्रात भिजून वाऱ्यात बसायचे नाही. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला, फिट आटोक्यात नसलेल्या किंवा पायाला उघडी जखम असलेल्या माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये.

पाण्यावरून आठवले. आपल्या बायका प्रवासात पाणीच पीत नाहीत, कारण वाटेत संडास नसतो. अपंग बाई तर आदल्या रात्रीपासून पाणी बंद करते. कोकणातल्या दमट उन्हात हे चक्कर येण्याचे आणि लघवीच्या जंतुसंसर्गाचे सरळ आमंत्रण आहे. सहलीची आखणी करताना आधी संडास शोधा, मग जेवणाची जागा. बसायला मधोमध भोक पाडलेली प्लॅस्टिकची खुर्ची आणि एक साडी आडोशाला, एवढे बरोबर असले तरी पुष्कळ भागते.

मुलांचे थोडे वेगळे. स्वमग्न मुलाला लाटांचा आवाज मारल्यासारखा लागू शकतो. त्याला दोन-चार दिवस आधी मोबाइलवर समुद्राची चित्रे दाखवा, आवाज ऐकवा, पहिल्या वेळी दहा मिनिटेच थांबा आणि लांबूनच पाहू द्या. ओल्या वाळूची बादली उचलणे, खड्डा खणणे अशा जड कामाने अशी मुले बऱ्याचदा शांत होतात. अंध माणसाला हाताला धरून ढकलू नका. त्याने तुमचे कोपर धरायचे, तुम्ही अर्धे पाऊल पुढे. अरुंद पायवाटेवर लांब बांबूची दोन टोके दोघांनी धरायची आणि मध्ये त्याने. बांबूच्या हालचालीवरून त्याला चढ-उतार कळतो.

आपल्या राज्यात शिवूर्जा प्रतिष्ठानसारख्या संस्थांबरोबर अपंग बांधव कळसूबाईच्या शिखरावर जातात. १,६४६ मीटरचे ते शिखर, आणि वाटेत लोखंडी शिड्या. अरुणिमा सिन्हा यांनी कृत्रिम पायाने २०१३ साली एव्हरेस्ट गाठले. त्यांचे कौतुकच आहे. पण वर्तमानपत्रात शिखराचाच फोटो येतो, आणि घरात बसलेल्या माणसाला वाटते की एवढे जमत नसेल तर आपण खाटच धरावी. शिखर हे उपचाराचे माप नाही. ज्याने आठ महिन्यांनी गल्लीचे टोक गाठले त्याचे माप ते टोक आहे.

ज्याला चालताच येत नाही त्याला उचलून न्यायला लाज कसली? फ्रान्समध्ये जोएल क्लोदेल नावाच्या डोंगरी वाटाड्याने १९८७ साली स्नायूंच्या आजाराने जखडलेल्या पुतण्यासाठी एका चाकाची खुर्ची बनवली, पुढे एक आणि मागे एक माणूस. ती आता अनेक देशांत डोंगरवाटांवर चालते. आपल्याकडे डोली जुनीच आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या घारापुरीला सुमारे १२० पायऱ्या चढायला खुर्चीची डोली मिळते. फक्त एक पथ्य पाळावे. उचलण्यापूर्वी त्या माणसाला विचारावे, आणि जेवढ्या पायऱ्या त्याला जमतात तेवढ्या त्याच्या त्यालाच चढू द्याव्यात, मग त्या पाच का असेनात.

काठीचीही तीच गोष्ट. आपल्याकडे पुरुषमाणसाला काठी घ्यायला लाज वाटते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर लाखो लोकांसमोर बाबासाहेब आले ते एका हातात काठी आणि दुसरा हात नानकचंद रत्तू यांच्या खांद्यावर ठेवून.

आता सोयी आणि हक्क. मुंबईत केईएम, सायन आणि नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत व्यवसायोपचार विभाग आहेत, आणि हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. खाजगी उपचारकाकडे जाल तर त्याची महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारा. विचारण्यात काही वावगे नाही. पहिल्या भेटीत ‘हात बरा करा’ एवढेच म्हणू नका, ‘लेण्यापर्यंत जायचे आहे’ असे सांगा. त्यावरून पुढची आखणी ठरते. अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र अलिबागच्या जिल्हा रुग्णालयातून मिळते. पाय गमावलेल्यांसाठी जयपूर फूट आहे. १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो घडवला तोच मुळी उकिडवे बसणाऱ्या आणि चिखलातून अनवाणी चालणाऱ्या माणसासाठी.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात नोकरी-शिक्षणाबरोबर करमणूक आणि सांस्कृतिक जीवनातला वाटाही हक्क म्हणून लिहिलेला आहे. राज्यातल्या ग्रामपंचायती आणि नगरपरिषदांना स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. हा पैसा पुष्कळदा वर्षाच्या शेवटी घाईघाईने वाटला जातो. ग्रामसभेत उठून विचारावे, की किनाऱ्यावर जाणाऱ्या वाटेला उतार का नाही, कठडा का नाही, खुर्चीचा संडास का नाही, वाटेत बाक का नाही?

पहिली मोठी सहल म्हणून कुडा लेण्यांचा विचार करावा. तळा तालुक्यात, राजपुरी खाडीच्या वरच्या अंगाला ही २६ लेणी आहेत, जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीची. शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांत माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, आणि सोमदेव नावाचा एक वैद्य आहे, ज्याने आपल्या मुलामुलींसह एक लेणे दान दिले. गेल्यावर त्या वैद्याचे लेणे मुलांना जरूर दाखवा.

थंडीच्या दिवसांत जा. आधी दोघांनी जाऊन वाट पाहून या. पायऱ्या मोजा, सावली कुठे आहे, गाडी कुठवर जाते, ते लिहून आणा. मग प्रत्येकाचा मुक्काम ठरवा. कोणी पहिल्या लेण्यापर्यंत, कोणी पायथ्याच्या झाडापर्यंत. पायथ्याशी थांबणाऱ्याकडेही काम हवे. घड्याळ त्याच्याकडे द्या, वर गेलेल्यांची यादी त्याच्याकडे द्या, परतीची हाक त्याने द्यायची. उतरताना गुडघ्यांवर जास्त भार येतो, म्हणून अर्धी ताकद उतरण्यासाठी राखून ठेवा. घरी आल्यावर दिव्याखाली सगळ्यांचे तळपाय पाहा, बोटांच्या बेचक्यांसकट. कुठे लाल झाले असेल तर दुसऱ्या दिवशी त्या पायाला विश्रांती, आणि फोड असेल तर तो फोडू नका.